एस्टीमला चार थ्रॉटल बॉड्या बसवल्या, इंजिन तापलं की आयडल सुटतं

सांगली_1298

नमस्कार मंडळी. दोन वर्षं हळूहळू पैसे साठवत एक काम करतोय आणि आता अडकलोय.

गाडी जुनी मारुती एस्टीम, 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, 1298 सीसी. आतून सगळी रिकामी केली आहे, रस्त्यावर चालवत नाही, ट्रेलरवर टाकूनच नेतो. मूळ मॅनिफोल्ड (चारही सिलिंडरना हवा वाटणारा नळ्यांचा संच) काढून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणारी झडप, केली. सुझुकीच्या मोठ्या बाईकच्या जुन्या बॉड्या वापरायचा विचार होता, पण त्यांचं अंतर आपल्या हेडच्या पोर्टशी जुळेना. शेवटी ड्रॉइंग काढून एका वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यात चार भोकं करून घेतली. 38 मिमी बोअर (भोकाचा व्यास), पितळी बटरफ्लाय (भोक मिटवणारी फिरती चकती), आणि चारही बटरफ्लाय 8 मिमीच्या एकाच स्टील शाफ्टवर. शाफ्टला सर्क्लिप (शाफ्ट जागी धरणारी कडी) एक नंबरच्या बाजूला, पुलीपाशी. ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पीडुइनो, क्रँकला 36-1 चं दातेरी चक्र (36 दातांच्या जागा, एक दात गाळलेला), 240 सीसीचे इंजेक्टर, दाब 3 बार. मॅप सेन्सरची, म्हणजे आतल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची, नळी एक नंबरच्या रनरला (त्या सिलिंडरच्या हवेच्या नळीला) जोडली आहे.

थंड इंजिन छान सुरू होतं, आयडलला, म्हणजे पेडल न दाबता, 1100 आरपीएमला उभं राहतं. दहा मिनिटांनी तापलं की आयडल 1900 वर जातं, मग वर-खाली करत राहतं. पेडल जड लागतं. रेस मारून सोडली की चार नंबरच्या तुतारीतून (बॉडीच्या तोंडाची हवा घेणारी नळी) फट्‌ फट्‌ आवाज येतो. प्लग काढून पाहिले तर चार नंबरचा पांढरा आणि एक नंबरचा काळा. लॅपटॉपवर मॅप सेन्सरचा आकडा 45 आणि 80 किलोपास्कलच्या मध्ये नाचतो.

वर्कशॉपवाले म्हणतात ट्यूनिंग बघा. ट्यूनिंग करणारा म्हणतो बॉड्या बघा. मला दोघांचंही पटतं आणि काय करावं ते कळत नाही. कुणी अशा बॉड्या स्वतः केल्या असतील तर कृपया सांगा.

लेथकाका_उद्यमनगर

सांगलीकर, तू सगळं नीट मोजून लिहिलंयस, म्हणून उत्तर देणं सोपं आहे. लॅपटॉप आधी बंद कर. तुझं दुखणं लोखंडात आहे, आणि ते लोखंड म्हणजे तो एक लांब शाफ्ट.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभा आहे त्याला तीस वर्षं होऊन गेली. ऑइल इंजिनांच्या भागांवर हात बसला, पुढे रेसवाल्या पोरांच्या नादानं थ्रॉटल बॉड्या करायला लागलो. पहिला सेट मीही अगदी तुझ्यासारखाच केला होता, एक ठोकळा आणि एक शाफ्ट. टेबलावर लोण्यासारखा फिरायचा. इंजिनावर चढवला आणि तापल्यावर चिकटला. चार दिवस बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) घासत बसलो होतो, कारण चूक बुशातच असणार असं डोक्यात घेतलं होतं.

आता हिशेब बघ. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं, स्टील 12. सर्क्लिप एक नंबरच्या बाहेर आहे, म्हणजे तिथून चार नंबरच्या बटरफ्लायपर्यंत तुझं अंतर 290 मिमीच्या आसपास असेल. थंड असताना ठोकळा 28 अंशांवर, हेडला चिकटून तापला की 88 धर. फरक 60 अंशांचा. तेवढ्यात ठोकळा 0.40 मिमी वाढतो, शाफ्ट वाढतो 0.21. म्हणजे चार नंबरचं भोक जवळजवळ 0.19 मिमी पुढे सरकलं आणि बटरफ्लाय मागेच राहिला. बटरफ्लायची कड बोअरच्या भिंतीला टेकली. म्हणून पेडल जड, म्हणून तो पूर्ण मिटत नाही, म्हणून चार नंबरला हवा जास्त. पेट्रोल मात्र चौघांना सारखंच मिळतंय. चार नंबर कोरडा जळतो, एक नंबर ओला. तुझे प्लग हेच सांगतायत.

आधी खात्री करून घे. इंजिन चांगलं तापव, बंद कर, लगेच केबल काढ आणि पुली बोटानं फिरवून सोड. अडखळेल. मग फक्त चार नंबरच्या बटरफ्लायचे दोन स्क्रू अर्धा आटा सैल कर आणि परत फिरव. एकदम मोकळी झाली तर मी म्हणतोय तेच आहे. हात भाजेल, हातमोजे घाल.

उपाय असा. शाफ्ट दोन आणि तीन नंबरच्या मध्ये काप. दोन जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीचा शाफ्ट तिच्या दोन बोअरच्या मधोमध अडकव, एका बाजूला सर्क्लिप लावून नाही. आता अडकवल्या जागेपासून बटरफ्लाय फक्त 45 मिमीवर आला, आणि तोच 60 अंशांचा फरक 0.03 मिमीत बसला. एवढं चालतं. दोन शाफ्टच्या टोकांना समोरासमोर दोन छोटे लिव्हर बसव, एकाच्या कानात बारीक आट्याचा स्क्रू, समोर स्प्रिंग. जुन्या चार सिलिंडरच्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरांत हीच रचना असायची. त्या स्क्रूवर पुढची जोडी मागच्या जोडीशी मिळवता येते.

शाफ्ट कापलाच आहेस तर व्ही ब्लॉकवर ठेवून डायल (वाकलेपणा मोजणारं घड्याळ) लाव. बटरफ्लायसाठी शाफ्टला खाच मारली की आतला ताण सुटतो आणि शाफ्ट केळ्यासारखा वाकतो. खाच मारल्यावर परत सरळ केला होता का, हे त्या वर्कशॉपला विचार. बहुतेक जण करत नाहीत, कारण खाचेआधी ग्राइंडिंग झालेलं असतं आणि मापाला बरोबर आलेलं असतं.

बटरफ्लाय बसवणं हा या कामाचा आत्मा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बटरफ्लाय गोल नसतो. मिटताना तो बोअरला काटकोनात उभा राहिला तर पाचरीसारखा अडकेल, म्हणून सहा ते दहा अंश तिरका असतानाच भिंतीला टेकला पाहिजे. आठ अंश धरले तर 38 च्या बोअरला लांबीकडून 38.37 मिमी लागतात, आणि कडही त्याच कोनात उतरती हवी. मी पितळी पत्र्याच्या चकत्या थप्पीनं, आठ अंशांवर कापलेल्या दोन ठोकळ्यांमध्ये दाबून लेथवर धरतो आणि सगळ्या एकदम टर्न करतो. कोन आपोआप उतरतो आणि चारही चकत्या सख्ख्या बहिणी निघतात.

मग चकती खाचेत सरकव, स्क्रू बोटानं फक्त लाव. शाफ्ट पाच-सहा वेळा टकटक करून मिटव. चकती आपली जागा स्वतः शोधते. ती मिटलेली धरून बॉडी ट्यूबलाइटकडे कर आणि डोळा बोअरला लाव. चकतीभोवती उजेडाची रेघ दिसेल. एका बाजूला कोर दिसते आणि दुसऱ्या बाजूला अंधार असला तर चकती सरकलेली आहे. चहूबाजूंनी सारखी, केसाएवढी रेघ दिसेपर्यंत स्क्रू आवळायचे नाहीत. चौघांची रेघ सारखी दिसली पाहिजे. मी हे रात्री दुकानातले बाकीचे दिवे घालवून करतो, घाई असली तर काम दुसऱ्या दिवसावर टाकतो.

आवळून झालं की स्क्रूच्या मागच्या टोकांना पंचनं ठोकून ती पसरव. हे विसरू नकोस. तो स्क्रू सुटला तर त्याला जायला एकच जागा आहे, इनटेक व्हॉल्व्ह. नुसत्या चिकटद्रव्यावर भरवसा ठेवायचा नाही.

रिटर्न स्प्रिंग दोन हव्यात, आणि एक तुटली तरी उरलेली एकटी सगळं मिटवू शकेल एवढ्या ताकदीची. पेडलच्या खाली फरशीवर स्टॉप कर. पूर्ण दाबलेल्या पायाचं वजन केबलनं आणि त्या 8 मिमीच्या शाफ्टनं झेलायचं नाही.

मॅपवाली_पुणे

काकांनी मूळ पकडलंय. ते झाल्याशिवाय ट्यूनिंगचं एकही पान उघडू नका, पण पुढे लागणारं लिहून ठेवते. मी चाकणला इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते आणि शनिवार-रविवार ट्रॅकच्या गाड्यांचे ईसीयूतले पेट्रोलचे तक्ते बसवते, त्यांनाही मॅपच म्हणतात.

मॅप सेन्सरचा आकडा नाचतोय, कारण तुम्ही एकाच सिलिंडरची नाडी मोजताय. एका रनरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच ओढ बसते, बाकी वेळ दाब परत वातावरणाजवळ येतो. चारही रनरमधून बारीक नळ्या एका छोट्या डबीत आणा, प्रत्येक नळीच्या तोंडाशी साधारण 1 मिमीचं छिद्र ठेवा आणि सेन्सर डबीला जोडा. डबी सेन्सरच्या अगदी जवळ नको, पेट्रोलची वाफ चढते. सेन्सर उंचावर, नळी खाली उतरती.

तरीसुद्धा फक्त मॅप सेन्सरवर हे इंजिन चालणार नाही. चार बटरफ्लाय थोडे उघडले की दाब जवळजवळ वातावरणाएवढा होतो आणि पुढे आकडा हलतच नाही. म्हणून पेट्रोलचा मुख्य तक्ता थ्रॉटलच्या कोनावर आणि आरपीएमवर ठेवा, म्हणजे अल्फा-एन.

या तक्त्यात सगळे जण एकच चूक करतात. थ्रॉटलचे रकाने 0, 10, 20, 30 असे सारखे पाडतात. बटरफ्लाय तसा उघडत नाही. आठ अंशांवर मिटणारी चकती 10 अंश उघडली तर बोअरचा 4 टक्केच भाग मोकळा होतो, 20 अंशांना 11, 30 अंशांना 20. पण बोअर चार आहेत. चौघांचे 4 टक्के मिळून 180 चौरस मिमी होतात. 50 मिमीची एकच बॉडी असती तर एवढ्या हवेसाठी तिला जवळपास 18 अंश उघडावं लागलं असतं. म्हणजे पाय तेवढाच हलला तरी इंजिनाला दुप्पट ऐकू जातं. त्यामुळे रकाने 0, 1, 2, 3, 5, 8, 12, 18, 30, 50, 100 असे खालच्या टोकाला दाट घ्या. पुलीही गोल न ठेवता अशी घडवा, की सुरुवातीला पेडल जास्त आणि शाफ्ट कमी फिरेल. गाडी वळणातून बाहेर काढताना याचा फरक मला कुठल्याही मॅपपेक्षा मोठा वाटतो.

इंजेक्टर बरोबर आहेत. 120 घोडे धरले तर ताशी घोड्यामागे अर्धा पौंड, म्हणजे 60 पौंड. चौघांत वाटले, 80 टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ) धरली, की मिनिटाला साधारण 197 सीसी. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, त्याला आठ-नऊ टक्के जास्त लागतं. तरी 240 पुरतात. वाइडबँडचा (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) पडदा लॅम्बडावर ठेवा, त्यात कुठल्याही इंधनाचं अचूक मिश्रण 1 दिसतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर 14.7 डोक्यात धरून ई20 ट्यून केलं तर गोंधळ होतो, त्याचं गुणोत्तर 13.5 च्या आसपास आहे. नळीसुद्धा इंजेक्शनसाठीचीच, आर9 दर्जाची. कार्बोरेटरची साधी नळी 3 बारला आणि इथेनॉलला टिकत नाही, आणि ती फुटते ती गरम एग्झॉस्टच्या शेजारीच.

आंबाघाट

ट्यूनिंगमधलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. सांगलीकर, ब्रेकच्या बूस्टरची (इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा डबा) नळी कुठे जोडली आहे?

माझी जिप्सी अशीच चार बॉड्यांची होती. बूस्टर एकाच रनरला जोडला होता. आंगणात उभ्या गाडीत ब्रेक मऊ लागायचा, म्हणून निर्धास्त होतो. साखरप्याकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल दगड झालं. इंजिन बंद असताना लागतं तसं. दोन्ही पायांनी दाबून, दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून गाडी आतल्या गटाराला घासून थांबवली. बायको शेजारी होती. त्या दिवसानंतर ती गाडी रस्त्यावर नेली नाही. खरं तर आधीच न्यायला नको होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे बदल केलेली गाडी रस्त्यासाठी नाहीच, आणि त्यामागचं कारण मला त्या वळणावर कळलं.

आता चारही रनरमधून नळ्या एकत्र घेऊन, मध्ये एकेरी व्हॉल्व्ह टाकून, दोन लिटरची टाकी ठेवली आहे आणि जोडीला विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप. टाकीवर गेज लावलंय. ट्रॅकवर जायच्या आधी तुम्ही हे कराच.

सांगली_1298

काका, तुमच्या पाया पडतो. चार नंबरचे स्क्रू सैल केले आणि पुली टपकन मिटली. तापलेल्या इंजिनावर फीलर गेज घालून बघितलं, एका बाजूला 0.05 ची पातीही जात नव्हती, समोरच्या बाजूला 0.25 ची जात होती.

शाफ्ट कापला. डायलवर तो मधोमध 0.3 वाकलेला निघाला, तुम्ही म्हणाला होता तसाच. नवा करून घेतला, तुमच्या पद्धतीनं अडकवला. चकत्या बसवायला तीन रात्री गेल्या. दोन नंबरची चकती काही केल्या बसेना. कोर सतत खालच्या बाजूला. शेवटी भिंग लावून पाहिलं तर खाचेत धातूची एक बारीकशी कपची राहिली होती. ती काढली आणि उजेडाची रेघ एकदम सारखी झाली. तो क्षण मी विसरणार नाही.

आज अर्धा तास चालवलं. तापल्यावर 1150, हलत नाही. बूस्टर अजून जोडलेला नव्हता, आता आंबाघाट यांनी सांगितल्याप्रमाणेच करतो. मॅपवाली ताई, डबी केली, आकडा आता 52 ते 56 मध्ये असतो.

फक्त चौघांचं श्वास घेणं अजून थोडं कमी-जास्त वाटतं. आणि तुतारी किती लांब ठेवू? आत्ता 40 मिमीच्या आहेत.

लेथकाका_उद्यमनगर

शाबास. तीन रात्री दिल्यास, म्हणून झालं.

श्वास मिळवताना आधी प्रत्येक बॉडीचे हवेचे बायपास स्क्रू (बटरफ्लायला वळसा घालून थोडी हवा सोडणारे) पूर्ण बंद कर. आयडल मुख्य स्टॉपवर धर. मग दोन हात रबरी नळी घे, एक टोक कानाला, दुसरं तुतारीच्या कडेपासून बोटभर आत, रोज त्याच जागी. सूं आवाज ऐक. एक-दोनची जोडी आणि तीन-चारची जोडी मधल्या स्क्रूवर मिळव. जोडीच्या आत जो फरक राहील तेवढाच बायपास स्क्रूनं काढायचा. गेज असेल तर शेवटी लाव, पण कान आधी तयार कर. गेज एका वेळी एकच आकडा दाखवतं, कानाला बुशातली गळतीसुद्धा कळते. गळतीचा आवाज बारीक असतो, शिट्टीसारखा.

तुतारीचं असं. व्हॉल्व्ह उघडला की ओढीची लाट बाहेर जाते, तुतारीच्या तोंडाशी उलटते आणि दाब घेऊन परत येते. ती व्हॉल्व्ह मिटायच्या आधी पोचली की फुकटची हवा आत जाते. गरम इंजिनापाशी हवा 40 अंशांची धरली तर आवाजाचा वेग सेकंदाला 355 मीटर. लाटेला क्रँकच्या 90 अंशांचा वेळ द्यायचा हा माझा ठोकताळा. 7000 आरपीएमला तेवढे अंश 2.14 मिलिसेकंदांत होतात, जाऊन-येऊन म्हणून अर्धं केलं की व्हॉल्व्हपासून तुतारीच्या कडेपर्यंत 380 मिमी. 6000 ला धरलं तर 445 येतात. तुझ्या हेडमधला पोर्ट, अ‍ॅडॉप्टर आणि बॉडी सुतानं मोज, उरेल ती तुतारी. 40 मिमी नक्कीच आखूड आहे.

फार वरच्या आरपीएमच्या मागे लागू नकोस. वळणं असलेल्या ट्रॅकवर 5000 ते 6500 मध्ये गाडी जास्त वेळ असते. मी 6500 ला धरून 410 करीन. तोंडाची कड चांगली गोल वळवलेली हवी, पातळ धारेची नको, आणि तोंडापासून फिल्टरच्या पाठीपर्यंत निदान एका बोअरएवढी जागा, 38 मिमी. फिल्टर लावच. चेन्नईच्या ट्रॅकवर बिनफिल्टरची गाडी एकदा कच्च्यात उतरली, तर पुढच्या ओव्हरहॉलला बोअरला उभ्या रेघा दिसतील.

38 च्या ऐवजी 45 करू का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण सहा महिन्यांनी विचारशील. तुझा पिस्टन 74 मिमीचा, स्ट्रोक 75.5. 7000 ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.6 मीटर. 38 च्या भोकातून हवा सरासरी 67 मीटरनं जाते, 45 मधून 48 नं. खालच्या रेसला तो 45 चा बोअर मेल्यासारखा वाटेल. मी 38 च ठेवीन.

तुताऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतून स्पिनिंग करून देतो. पोर्टची आणि अ‍ॅडॉप्टरची मापं घेऊन ये, जुना वाकलेला शाफ्टही आण, खाच कुठल्या कटरनं मारली ते बघायचंय. सोमवारी दुकान बंद असतं.

सांगली_1298

मंगळवारी सकाळच्या एसटीनं येतो काका. शाफ्ट पिशवीत भरून ठेवलाय.